पाच पायांचा व्हॉल्व्ह

१

सदूला चार पायांचा आणायला सांगितला होता. चार! अंगठा मुडपून, बोटं नाचवून सांगितलं होतं. आणि हा बाबा भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरला, तिथून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत थेरोंड्याला आला, तो पाच पायांचा व्हॉल्व्ह घेऊन.

"नवा हाय भावोजी," सदू म्हणाला. "दुकानदार बोलला, जुना आता कुणी ठेवत न्हाय. हा मोठा हाय. दुप्पट जोर सोसतो."

"पाय किती आहेत?"

सदूनं खोक्यात वाकून पाहिलं. "पाच."

"आणि माझ्या पेटीत भोकं किती?"

सदू हसला. बायकोचा भाऊ म्हणून हरेश्वर त्याचं खूप ऐकून घ्यायचा, पण हे हसू त्याच्या डोक्यात जायचं. हातातला खोका दर्यात पडला असता तरी सदू असाच हसला असता.

हरेश्वर जातीचा कोळी, पण होडीपेक्षा तारांत रमलेला. गिरगावातल्या एका रेडिओच्या दुकानात उमेदीची वर्षं काढून तो गावी परतला तेव्हा त्याच्याबरोबर एक कर्णा होता, चावी देऊन तबकडी फिरवायचं यंत्र होतं, आवाज मोठा करणारं मशीन होतं, आणि त्या मशीनला वीज पुरवणारी एक वेगळी लोखंडी पेटी. वीज पेट्रोलच्या इंजिनावर तयार व्हायची. सदतीस सालच्या त्या उन्हाळ्यात चौलपासून काशीदपर्यंत एकही जत्रा, एकही लग्न हरेश्वरच्या कर्ण्यावाचून होत नव्हतं.

इंजिनातली वीज एकदा पुढं धावते, एकदा मागं. मशीनला ते चालत नाही, त्याला एकाच दिशेनं जाणारी वीज लागते. हे काम पेटीतला एक व्हॉल्व्ह करतो. जाऊ देतो, मागं येऊ देत नाही. दुकानात त्याला रेक्टिफायर म्हणत, कोळीवाड्यात हरेश्वरचा दिवा. तर हा दिवा आता म्हातारा झाला होता. आवाज जरा चढवला की कर्णा धापा टाकायचा आणि गाणं बसायचं.

दुसऱ्या कुणाचं लग्न असतं तर त्यानं तसंच रेटलं असतं. पण लग्न कमळचं होतं, त्याच्या एकुलत्या एका लेकीचं. आणि कमळनं बापाकडं एकच गोष्ट मागितली होती, की हळदीला धवला आजीचाच वाजला पाहिजे.

आजी म्हणजे हरेश्वरची आत्या, येसूबाई. कोळीवाड्याची धवलारीण. लग्न लावायचं तिनं, लग्नाची गाणी, म्हणजे धवले, गायचे तिनं. मांडव उभा राहिला की ती आधी देवांना बोलवायची आणि मग घराण्यातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. नाव घेतलं की थांबायची. त्या माणसाच्या नावानं घरातल्या कुणीतरी ओ द्यायची, म्हणजे तो मांडवात आला असं धरायचं. ओ आली की पुढचं नाव.

हरेश्वरची बायको नीराबाई पहाटेपासून मासळीच्या पाटीमागं, त्यामुळं कमळला लहानाची मोठी येसूबाईनंच केलं होतं. दोन वर्षांपूर्वी म्हातारीला दम लागायला लागला तेव्हा ती आपणहून हरेश्वरला म्हणाली, "पोरीच्या लग्नाला मी न्हाय उरणार. आवाज तेवढा ठेव माजा." त्यानं तिला मुंबईला नेलं. गिरगावात एक जण माणसाचा आवाज ॲल्युमिनियमच्या तबकडीवर कोरून द्यायचा. म्हातारी त्याच्यापुढं बसून गायली, आणि प्रत्येक नावापाशी नेमानं थांबली. "ओ घरचे देतील," तिनं हरेश्वरला आधीच दटावलं होतं, "तू मधे त्वांड उघडू नको." शेवटचं नाव हरेश्वरच्या बापाचं, काळूरामचं. तिथं तबकडी संपली. आणि पुढच्या वर्षी म्हातारीही संपली.

त्या धातूच्या तबकडीला पोलादी सुई लावली तर ओरखडे पडतात. बाभळीचा काटा लावावा लागतो, आणि काट्यावर आवाज मरतुकडा येतो. म्हणून तर दमदार व्हॉल्व्ह हवा होता. पण चार पायांचा!

२

पेटी उपडी केली, जुनी बैठक उखडली, पाच भोकांची नवी बसवली. डाख लावायचं लोखंड चुलीत तापायला ठेवलं तर नीराबाईनं त्यावर भाकरी टाकायला तवा मांडला. तवा उतरवला तर लोखंड निवलं. तापवलं तर कथील सांडलं. पाचव्या पायाची तार कुठं लावायची ते सदूनं आणलेल्या खोक्यावर छापलेलं होतं, आणि खोक्याचा नेमका तोच कोपरा लाँचमध्ये कुणाच्या तरी मासळीच्या पाण्यात भिजला होता.

"काय रं ह्यो उपद्व्याप," दारात भागुबाई उभी. येसूबाईच्या हाताखाली शिकलेली. आता धवलारीण तीच. "मी हाय ना जिती. ही पत्र्याची येसू कशाला?"

"भागुबाई, तुझा मान तुलाच आहे. लग्न तूच लाव. फक्त हा एक धवला तिचा."

"धवला म्हननारीला मांडव दिसावा लागतो. कोन आला, कोन न्हाय आला. ओ आली का न्हाय. पत्र्याला काय दिसतंय?"

"पत्र्याला दिसायची गरज नाही. ती जेवढी थांबली तेवढाच तो थांबतो. मोजून."

"मंग बघ बाबा," असं म्हणून भागुबाई ओसरीवर पाय पसरून बसली ती उठेचना. तिच्यासमोर हरेश्वरचा हात दोनदा भाजला.

दुपारी कलत्या उन्हात जोडणी झाली. सदूनं इंजिन चालू केलं. जुना व्हॉल्व्ह कळ दाबल्या दाबल्या पेटायचा, हा पठ्ठ्या आळसावल्यासारखा सावकाश तापत होता. कर्ण्यातून काही येईना. मग बारीकशी घरघर आली, आणि हरेश्वरनं काटा टेकवला.

आवाज आला आणि नीराबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. येसूबाई ओसरीवर येऊन गात असावी इतका तो जवळचा होता. ओठ विलग झाल्याचा चट् आवाजसुद्धा ऐकू येत होता. कमळ धावत बाहेर आली आणि बापाच्या दंडाला धरून रडायला आणि हसायला लागली. "आजीच गो आये! आजीच हाय!"

हरेश्वरचा सगळा वैताग त्या क्षणी पाण्यात विरला. सदूला त्यानं मनातल्या मनात माफसुद्धा केलं.

देव झाले. मग एकेक नाव येत गेलं आणि नीराबाई, कमळ, सदू ओ देत गेले. भागुबाईनंही एकदा दिली. काळूरामचं नाव आलं, तेव्हा ओ हरेश्वरनं स्वतः दिली. तबकडी संपली म्हणून त्यानं काटा धरणाऱ्या दांडीकडं हात नेला.

"हिरामण," येसूबाई म्हणाली, "मांडवाला ये रे."

आणि थांबली.

"ओ!" नीराबाईनं सवयीनं दिली. खर्रर्र झालं, आणि तबकडीची आतली कड आली.

३

हिरामण हरेश्वरचा चुलतभाऊ. मागल्या वर्षी, ऐन पावसाच्या तोंडावर, तापानं गेला. येसूबाई त्यानंतर. पण तबकडी दोन वर्षांपूर्वीची होती. तेव्हा हिरामण चांगला धडधाकट होता. म्हातारीला रेवसच्या धक्क्यावर पोचवायला तोच तर आला होता.

नीराबाईला यात काही वावगं दिसलं नाही. "आसंल कुनी जुना हिरामण. तुमच्या घरात नावं का कमी हायत?"

"मी समोर बसलो होतो. शेवटचं नाव बाबांचं."

"मंग तुमी विसरला असाल."

हे वाक्य हरेश्वरला जन्मात सहन होत नसे. आपण व्हॉल्व्हचे पाय विसरत नाही, तारा विसरत नाही, आणि बापामागं आलेलं नाव विसरू? दुसऱ्या दिवशी बायका मासळीला गेल्या, सदू मांडवाचे बांबू आणायला चौलला गेला, तेव्हा त्यानं घर रिकामं बघून पुन्हा इंजिन लावलं. खुलासा सोपा होता. जुन्या व्हॉल्व्हवर शेवटचा भाग खरखरीत बुडत असणार. म्हातारीनं आणखी एक नाव घेतलं असणार, घराण्यात कुणी जुना हिरामण असणार. आपलं लक्ष नसणार. झालं.

पहिलं नाव आलं. येसूबाई थांबली.

हरेश्वर वाट बघत राहिला. कर्ण्यात घरघर. तबकडी फिरत होती, काटा तिच्यावर होता, पुढचं नाव येत नव्हतं. चावी उतरली म्हणावं तर तबकडी नीट फिरत होती. काटा एकाच रेघेत अडकला म्हणावं तर टक् टक् आवाज यायला हवा होता. त्यानं वाकून पाहिलं. काटा आत सरकत नव्हता. कानही दिला. घरघरीत मधूनच बारीक श्वास, म्हाताऱ्या माणसाच्या नाकातून येतो तसा.

"अरे पुढं चल ना!" तो ओरडला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. तबकडीला कोण ओरडतं?

मग त्यानं चिडून, कुणी ऐकत नाही ना हे बघून, म्हटलं, "ओ."

लगेच पुढचं नाव आलं.

तो खाली बसला. प्रत्येक नावाला ओ देत गेला. न देऊन बघितलं तर ती थांबून राहायची, दिली की पुढं जायची. काळूराम झाला. हिरामण झाला. कड अजून हातभर लांब असल्यासारखा काटा निवांत आत चालला होता.

"येसू," येसूबाई म्हणाली. स्वतःचं नाव, परक्या बाईला बोलवावं तसं. "मांडवाला ये गो."

हरेश्वरनं दांडी उचलली. काटा वर हवेत होता तरी कर्ण्यात तो श्वास थोडा वेळ चालूच राहिला, मग बसला. पेटीतल्या कंडेन्सरात वीज साठून राहते, नवा व्हॉल्व्ह ती लवकर सोडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ते मोठ्यांदा बोलूनही दाखवलं, रिकाम्या ओसरीला.

४

जुना व्हॉल्व्ह लावून बघायचा तर पुन्हा बैठक उखडा, पुन्हा चार भोकांची लावा. त्यानं तेही केलं. शिव्या देत केलं, पण केलं. जुन्यावर आवाज तसाच मरतुकडा, थांबणं मोजकं, आणि काळूरामनंतर नुसती खरखर, की कड. हरेश्वरनं छाती भरून श्वास घेतला. बघा, तबकडी साधी आहे.

"ह्योच ठेवा मंग," नीराबाई म्हणाली. तिला त्यानं अर्धंच सांगितलं होतं, आवाज फाटतो म्हणून. "न्हायतर भागुबाई गाईल. एवढं काय जीवाला लावून घेताय?"

"बा, ह्यावर आजी कुजबुजते," कमळ म्हणाली. तिच्या हातात पापड वाळवायचं कापड होतं. "मांडवात शंभर मानसं. कुनाला आयकू जाईल? कालचाच ठेवा ना. काल ती माज्यासाठी आल्यावानी वाटली."

"कमळे, मला काम करू दे."

"मी काय मागितलं तुमच्याकडं? साडी मागितली? सोन्याचा डाग मागितला?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ही पोर सहसा रडत नसे. आजी गेली तेव्हा ती दोन दिवस अन्नाला शिवली नव्हती, आणि नंतर तिनं आजीचं नाव काढणंच सोडलं होतं. हरेश्वर विरघळला. आणि खरं सांगायचं तर नव्या व्हॉल्व्हवरचा तो आवाज त्यालाही हवा होता. तसा आवाज त्यानं मुंबईतही ऐकला नव्हता. आपल्या हातानं डाख लावलेल्या पेटीतून तो आला होता, याचा त्याला आतून माज होता.

पाच पायांचा पुन्हा चढला. पण येसूबाईच्या नावापुढं काय आहे ते ऐकल्याशिवाय तबकडी मांडवात न्यायची नाही, एवढं त्यानं ठरवलं. हळदीच्या आदल्या दिवशी बायका रेवदंड्याच्या बाजाराला गेल्या. कमळही गेली, याची त्यानं दाराशी उभं राहून खात्री केली.

सगळ्यांना ओ दिली. येसूचं नाव आलं. दिली.

ती खाकरली. आवडीचं काही म्हणायच्या आधी खाकरायची, तशीच.

"कमळ," ती म्हणाली. "मांडवाला ये गो."

हरेश्वरनं दांडी इतक्या जोरानं उचलली की काटा मोडला. इंजिन बंद केलं, कळ बंद केली, आणि ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला. वाडीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. कुणी ओ दिली नव्हती. कुणीही नाही. त्यानं ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं.

५

तबकडी फोडून टाकावी असं त्याच्या मनात आलं. ॲल्युमिनियम फुटत नाही, वाकतं. आणि मग कमळला काय सांगायचं? तुझ्या आजीनं मेलेल्या माणसांच्या रांगेत तुझं नाव घेतलं? हळद लागायच्या आदल्या दिवशी?

भीती वाटली की हरेश्वरला राग यायचा. त्याला सदूचा राग आला, त्या दुकानदाराचा आला, पाचव्या पायाचा आला. म्हातारीचा सगळ्यांत जास्त आला. एवढा जीव होता ना तुझा पोरीवर? मग असं कसं बोलवतेस तिला?

शेवटी रागातच त्याला वाट सुचली. तबकडीवर आवाज म्हणजे काय, तर कोरलेली रेघ. रेघच नसली तर आवाज कुठून येणार? त्यानं कानस घेतली, काळूरामपर्यंतचा भाग खडूनं आखून ठेवला आणि त्याच्या आतलं सगळं खरवडून काढलं. धातूचा चुरा मांडीवर पडत होता. आतला भाग घासलेल्या ताटासारखा सपाट होईपर्यंत तो थांबला नाही. बोटानं चाचपून बघितलं, कुठं काही लागत नव्हतं. काळूरामपाशी काटा घसरेल, आपण दांडी उचलू, खेळ खलास.

संध्याकाळी कमळ बाजारातून आली. तिनं तबकडीवरचे ओरखडे पाहिले.

"बा, हे काय केलं? आजीच्या तबकडीला?"

"खराब भाग होता. काढला."

"तुमी काय लपवताय माज्यापासून? हल्ली आजीचं नाव काढलं की तुमी तुटून पडता."

इथं सांगायला हवं होतं. निदान एवढं तरी, की पोरी, तुझं नाव ऐकू आलं तर गप राहा. शब्द त्याच्या ओठावर आलेसुद्धा. पण ते बोलणं म्हणजे ते खरं मानणं, आणि खरं मानायचं तर कानस कशाला चालवली?

"डोकं नको खाऊ माझं," तो म्हणाला. "उद्या वाजणार आहे ना? झालं तर मग."

६

हळदीच्या सकाळी मांडव भरला. घरामागं इंजिन फटफटत होतं. सदूनं कर्णा मधल्या खांबावर बांधला, अर्थातच वाकडा, तो हरेश्वरनं चढून सरळ केला. भागुबाई तोंड फुगवून पुढंच बसली होती. कमळ आत माजघरात पाटावर, भोवती हळदीच्या वाट्या घेऊन बायका. दारात नीराबाई, तिचा एक डोळा लेकीकडं आणि एक मांडवाकडं.

व्हॉल्व्ह सावकाश तापला. हरेश्वरनं नवा काटा टेकवला आणि येसूबाई गायला लागली.

म्हाताऱ्यांनी हात जोडले. देवांची नावं संपली, घराण्याची सुरू झाली, आणि प्रत्येक नावाला पन्नास गळ्यांतून ओ यायला लागली. कुठं थांबणं लांबलं नाही. माणसंच इतकी होती की ओ हजर होती. हरेश्वरचा हात दांडीजवळ तयार होता. त्याला वाटलं, बघा, माणसांत सगळं नीट होतं, एकट्यानं ऐकलं की मन खेळ करतं.

"काळूराम, मांडवाला ये रे."

"ओ!"

काटा सपाट भागावर घसरला, खर्रर्र झालं, आणि त्यानं दांडी उचलून बाजूला ठेवली. बरोबर. जसं ठरवलं तसं. तो वळून म्हणाला, "चला, झालं. वाजंत्री घ्या."

कुणी हललं नाही.

"न्हाय झालं," भागुबाई म्हणाली. "थांबलीया ती."

"भागुबाई, काटा वर आहे. डोळ्यांनी दिसत नाही का तुला?"

"काटा मना नको दाखवू. सारा जलम तिच्या बाजूला बसले मी. थांबलीया."

कर्ण्यात श्वास होता. सगळ्यांना ऐकू येत होता.

"हिरामण," कर्णा म्हणाला. "मांडवाला ये रे."

"ओ," मांडवातून कुणीतरी दिली. का नाही देणार? हिरामण गेलेलाच होता.

"सदू! इंजिन बंद कर!"

"आँ?"

"इंजिन! बंद कर रे गाढवा!"

सदू पळाला. इंजिन खोकलं आणि गप झालं. पेटीत व्हॉल्व्हचा लालसर उजेड तसाच होता.

"येसू. मांडवाला ये गो."

"ओ गो बाय," भागुबाई रडत म्हणाली. "ये गो माजे बाय."

"कुणी ओ देऊ नका!" हरेश्वर किंचाळला. व्याही मंडळी उठून उभी राहिली. "यापुढं कुणीही ओ द्यायची नाही!" आणि तापलेला व्हॉल्व्ह उघड्या हातानं धरून त्यानं बैठकीतून उपटला. तळव्याची कातडी काचेला चिकटली. व्हॉल्व्ह खाली पडून फुटला. कर्णा मेला.

आता काही नव्हतं. वीज नव्हती, व्हॉल्व्ह नव्हता, रेघ नव्हती. श्वासही नव्हता. तो हात छातीशी धरून उभा राहिला आणि त्याला हसू यायला लागलं, सदूसारखं.

"कमळे," येसूबाई म्हणाली.

कर्ण्यातून नव्हे. घरातून. माजघराच्या मागच्या अंगाकडून, मोठ्यानं नाही, जेवायला बोलवतात तशी.

"ओ!" कमळनं दिली. आनंदानं, खणखणीत.

हरेश्वर धावला. नीराबाईला ढकलून माजघरात शिरला. बायका वाट्या हातात धरून भिंतीला चिकटल्या होत्या. कमळ पाटावरून उठून मागच्या दारापाशी गेली होती. बाहेर ऐन सकाळचं ऊन पडलं होतं, पण दारातून ते आत येत नव्हतं. दारात खूप माणसं दाटीनं उभी राहिली की उजेड अडतो, तसा अडला होता. माणूस एकही नव्हतं. कमळचा हळदीनं माखलेला हात पुढं होता, आणि बोटं मिटलेली, कुणाचा तरी पदर धरल्यासारखी. तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता.

"कमळ!" त्यानं हाक मारली. "कमळे! ए पोरी!"

तो तिच्यापासून हाताच्या अंतरावर होता, पण लांबवलेला हात तिच्यापर्यंत पोचेना. त्यानं पुन्हा हाक मारली, मग नीराबाईनं मारली, मग सगळ्या बायकांनी मिळून मारली. कमळनं ओ दिली नाही.